बायपासनंतर अप्पा चार दिवस आम्हाला ओळखत नव्हते. हे आधी कोणी का सांगत नाही?

घाटमाथा | १२ जून, रात्री ११.५०

अप्पांची बायपास होऊन आज तीन आठवडे झाले. वय ७१. एसटीत कंडक्टर म्हणून ३४ वर्षं काढली, त्यातली बरीचशी कोल्हापूर–रत्नागिरी गाडीवर. साखर आहे, बीपी आहे, तंबाखू सोडून दहा वर्षं झाली. अँजिओग्राफीत तीन ठिकाणी ब्लॉक निघाले आणि डॉक्टरांनी बायपासच सुचवली. ऑपरेशन चांगलं झालं. दुसऱ्या दिवशी घशातली नळी काढली, तेव्हा अप्पा आईला पहिलं वाक्य बोलले, "जेवलीस का?" आम्ही देवापुढं साखर ठेवली.

तिसऱ्या रात्री दीड वाजता आयसीयूतून बोलावणं आलं. अप्पा कॉटवर उठून बसलेले, सलाईनची सुई ओढून काढलेली, चादरीवर रक्ताचे ठिपके. डाव्या हातात काहीतरी धरल्यासारखी मूठ आणि उजव्या हाताचा अंगठा नि बोटं मिटत-उघडत होती. काय करताहेत ते कळायला मला थोडा वेळ लागला. ते तिकिटं पंच करत होते. सिस्टरना म्हणाले, "बाई, सुट्टे काढा. मागं गर्दी झालीय, पुढं सरका की." मी जवळ गेलो, "अप्पा, मी आलोय" म्हणालो. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "तुम्ही कुठं उतरणार?"

हे लिहितानाही हात थरथरतोय.

त्या रात्री त्यांचे हात पट्टीनं कॉटला बांधले. सकाळी जरा बरे असायचे, संध्याकाळ झाली की पुन्हा सुरू. भिंतीवर मुंग्या दिसायच्या. सिस्टर विष घालताहेत असं म्हणायचे. चुलते म्हणाले, पैशाच्या काळजीनं डोकं फिरलं. एका नातेवाइकानं बाहेरचं बघून घ्या म्हणून सांगितलं. आत्या म्हणाली, वात झालाय. मोठ्या डॉक्टरांना विचारलं तर राउंडवर चालता चालताच म्हणाले, "होतं असं, जाईल." सातव्या दिवशी खरंच गेलं. पण ते चार दिवस आम्ही घरातल्या सगळ्यांनी कसे काढले ते आमचं आम्हाला माहीत.

आता घरी आलेत. ओळखतात, बोलतात. पण तासाभरापूर्वी घेतलेल्या गोळीबद्दल पुन्हा विचारतात. पेपर उघडतात आणि एकच पान धरून बसतात. डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर आहे. ज्या पायातली शीर काढली त्या पायाला घोट्याच्या आतल्या बाजूला काही कळत नाही.

ऑपरेशनआधी सात पानांवर सह्या घेतल्या. त्यात हे असेलही, पण तोंडानं कुणी एक वाक्य सांगितलं नाही. ज्यांच्या घरात हे झालंय त्यांनी लिहावं. पुढं काय होतं? हे पुरतं जातं का?

---

रातपाळी | १३ जून, पहाटे ४.२०

घाटमाथा, हृदयाच्या आयसीयूत १४ वर्षं ड्यूटी करतेय. तुमच्या आत्याचा शब्द अगदी बरोबर आहे. जुनी माणसं ज्याला वात म्हणायची, वातात बरळणं म्हणायची, त्यालाच आम्ही डेलिरिअम म्हणतो. ते वेड नाही, पैशाच्या काळजीनं होत नाही आणि बाहेरचं तर नाहीच नाही. मोठ्या ऑपरेशननंतर मेंदू काही काळ घडी विस्कटल्यासारखा होतो. साठीच्या पुढच्या माणसांत हे आम्ही दर आठवड्याला बघतो. दुसऱ्या-तिसऱ्या रात्री सुरू होतं, दिवे लागले की वाढतं, सकाळी ओसरतं. आणि माणूस बहुतेक वेळा आपल्या कामावरच जातो. शेतकरी पाणी पाजायला उठतात, मास्तर हजेरी घेतात. एक आजी रात्रभर चादरीवर भाकरी थापत होत्या.

हात बांधण्याबद्दल लिहिते, कारण नातेवाइकांना ते सगळ्यात जास्त लागतं. छातीचं हाड तारेनं शिवलेलं असतं, छातीत ड्रेनच्या नळ्या असतात, मानेतल्या मोठ्या शिरेत लाइन असते. ती ओढली गेली तर जीवावर बेततं. तरीही बांधणं हा शेवटचा उपाय आहे, कारण बांधलेला माणूस आणखी बिथरतो. माझ्या अनुभवात घरचं माणूस शेजारी बसून हात हातात धरून राहिलं तर अर्ध्या वेळा पट्टी लागतच नाही. सगळ्या आयसीयूत तशी परवानगी मिळत नाही. मिळायला हवी असं माझं ठाम मत आहे.

आणखी एक. अप्पांना चष्मा आहे का? ऐकायला कमी येतं का? ऑपरेशनला नेताना चष्मा, कवळी, कानातलं मशीन सगळं काढून नातेवाइकांच्या हातात देतात आणि ते थेट घरी जातं. मग शुद्धीवर आलेल्या माणसाला समोरचं धूसर दिसतं, बोललेलं नीट ऐकू येत नाही, दिवस-रात्र कळत नाही, दर तासाला कोणीतरी बीपी मोजायला उठवतं. नव्या जागी तरण्या माणसाचंही डोकं गरगरेल.

---

घाटमाथा | १३ जून, सकाळी ७.०५

चष्मा माझ्याच खिशात होता. पाच दिवस. अप्पांना चष्म्याशिवाय हातभर अंतरावरचंही दिसत नाही.

---

रातपाळी | १३ जून, सकाळी ७.४०

मनाला लावून घेऊ नका. ते मागून घेणं आमचं काम होतं.

---

वारणाकाठ | १३ जून, दुपारी १.१५

घाटमाथांच्या अप्पांचं जे झालं ते निस्तरलं, देवाची कृपा. पण सगळंच "होतं असं, जाईल" नसतं. आईचं सांगतो.

आई ६६ वर्षांची. बायपास झाल्यावर चौथ्या दिवशी वॉर्डात आणलेली. सकाळचा चहा मी बशीतून देत होतो. उजव्या ओठाच्या कोपऱ्यातून चहा गळायला लागला. पुसला, पुन्हा गळला. म्हटलं, "आई, कप धरतेस का?" तर उजवा हात वर आला आणि टपकन मांडीवर पडला. तिला काहीतरी सांगायचं होतं. ती म्हणाली, "झारा... झारा..." तिला चमचा हवा होता. हे सगळं मिनिटभरात.

वॉर्डातल्या एकानं सांगितलं, अशक्तपणा आहे, गोळ्यांची गुंगी असेल, झोपू द्या. मी झोपू दिलं नाही. पळत जाऊन ड्यूटी डॉक्टरांचा हात धरून त्यांना कॉटपाशी आणलं. त्यांनी बघितलं आणि तिथूनच फोन लावला. सिटी स्कॅन झालं, रक्तस्राव नव्हता, मेंदूच्या डाव्या बाजूच्या रक्तवाहिनीत गुठळी होती. एरवी साडेचार तासांच्या आत गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन देतात, पण छाती नुकतीच उघडलेली, तिथून रक्तस्राव होईल म्हणून ते देता येईना. मग जांघेतून तार घालून गुठळी ओढून काढली. हृदयाचे ठोके आदल्या रात्रीपासून वेडेवाकडे पडत होते, हे नंतर कळलं. गुठळी तिथं धरली आणि वर गेली, असं सांगितलं.

आज दोन वर्षं झाली. चालते, स्वयंपाक करते. शब्द मात्र अजून निसटतात. वाचाघात म्हणतात याला. वाचा-उपचाराला आठ महिने नेलं, त्याचा चांगला गुण आला. देवघरातल्या आरत्या तिला पहिल्या महिन्यातच अडखळल्याशिवाय म्हणता येत होत्या, पण मीठ मागायचं तर हळदीकडं बोट जायचं.

म्हणून सगळ्यांना कळकळीनं सांगतो. तोंड वाकडं झालं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडला, बोलणं एकदम अडखळलं, एका डोळ्यानं दिसेनासं झालं, तर वाट बघू नका. दवाखान्यात असाल तर डॉक्टरांना कॉटपाशी आणा, घरी असाल तर १०८ लावा. आणि त्रास कधी सुरू झाला ती वेळ मोबाइलवर टिपून ठेवा, सगळे पहिल्यांदा तेच विचारतात.

---

शुद्धीवर | १३ जून, रात्री १०.३०

मी भूलतज्ज्ञ आहे, हृदयशस्त्रक्रियेच्या थिएटरात काम करते. वरच्या दोन्ही गोष्टी वाचून लिहायला बसले, कारण या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात.

वारणाकाठच्या आईला झाला तो पक्षाघात. बायपासनंतर साधारण शंभरातल्या एक ते तीन जणांना होतो. वय, आधी होऊन गेलेला पक्षाघात, मधुमेह, किडनीचा आजार, मानेतल्या कॅरोटिड धमन्या अरुंद असणं, यांनी धोका वाढतो. सगळ्यात मोठा गुन्हेगार बहुतेक वेळा महाधमनीच असते. हृदयातून निघणाऱ्या या मोठ्या धमनीच्या आतल्या भिंतीवर वयानुसार चुन्यासारखा थर साचतो. पंपाला, म्हणजे ऑपरेशनपुरतं हृदय-फुफ्फुसांचं काम करणाऱ्या यंत्राला, जोडण्यासाठी तिच्यात नळी घालावी लागते, चिमटा लावावा लागतो, तेव्हा त्या थराचा कण सुटला तर तो रक्ताबरोबर मेंदूत जातो. असा पक्षाघात रुग्ण शुद्धीवर येतानाच दिसतो. दुसरा प्रकार उशिराचा, म्हणजे आधी माणूस चांगला असतो आणि दोन-चार दिवसांनी होतो. त्यामागे पुष्कळदा हृदयाची अनियमित धडधड, एट्रिअल फिब्रिलेशन असतं. बायपासनंतर शंभरातल्या वीस ते चाळीस जणांना ती होते, बहुतेकांना पहिल्या चार-पाच दिवसांत. म्हणून मॉनिटरकडे आमचं इतकं लक्ष असतं आणि म्हणूनच काहींना पुढे रक्त पातळ करण्याच्या गोळ्या द्याव्या लागतात. त्या मनाने बंद करू नका. अ‍ॅस्पिरिनही नाही. शस्त्रक्रियेनंतर ४८ तासांच्या आत अ‍ॅस्पिरिन सुरू केलेल्यांत मृत्यू आणि पक्षाघात दोन्ही लक्षणीय कमी होते, असं २००२ साली पाच हजारांहून अधिक रुग्णांच्या अभ्यासात दिसलं होतं.

अप्पांना झाला तो डेलिरिअम. त्याची खूण म्हणजे चढ-उतार. सकाळी बरा, रात्री वाईट, लक्ष कशावरच ठरत नाही. त्यात एक बाजू लुळी पडत नाही. पण एक सांगते, आरडाओरडा करणाऱ्या रुग्णाकडे सगळ्यांचं लक्ष जातं. गप्प पडून राहणारा, हाक मारली की अर्धे डोळे उघडणारा, जेवण नाकारणारा रुग्णही डेलिरिअममध्ये असू शकतो. घरचे म्हणतात, थकलाय, झोपू दे. तो प्रकार जास्त निसटतो. आणि डेलिरिअम दिसला की त्यामागचं कारण शोधायचं असतं. जंतुसंसर्ग आहे का, सोडियम घसरलंय का, प्राणवायू कमी पडतोय का, लघवी तुंबलीय का, वेदना दाबली जात नाहीये का, झोपेच्या गोळ्या जास्त झाल्यात का. रोज दारू घेणारा माणूस दवाखान्यात ती एकदम बंद झाल्यानेही असाच बिथरतो, आणि ते घरच्यांनी लपवलं तर उपचार चुकतात. लाज बाजूला ठेवून आधीच सांगा.

आता अप्पांच्या विसरण्याबद्दल. १९९६ साली अमेरिकेतल्या २४ रुग्णालयांतल्या २,१०८ बायपास रुग्णांचा मोठा अभ्यास छापून आला. त्यात ६.१ टक्के रुग्णांच्या मेंदूला काही ना काही इजा झाली होती, साधारण निम्म्यांना पक्षाघातासारखी मोठी आणि निम्म्यांना बुद्धी, स्मरण घसरणं किंवा फिट येणं अशी. पण मानसशास्त्रीय चाचण्या लावून बारकाईने बघितलं की आकडा फार वाढतो. ड्यूक विद्यापीठातल्या गटाने २००१ मध्ये २६१ जणांची तपासणी मांडली. घरी जाताना ५३ टक्के, सहा आठवड्यांनी ३६ टक्के आणि सहा महिन्यांनी २४ टक्के रुग्णांत घसरण होती. म्हणजे बरेच जण सावरत गेले. तीन आठवड्यांत अप्पांबद्दल निकाल देऊ नका, तुम्ही अजून सहा आठवड्यांच्या टप्प्यालाही पोचलेला नाही.

---

दूरदेशी | १४ जून, पहाटे २.१०

डॉक्टर, मेलबर्नहून लिहितोय. त्याच अभ्यासात पाच वर्षांनी पुन्हा ४२ टक्के झालं होतं ना? बाबांची बायपास सहा वर्षांपूर्वी नाशिकला झाली. व्हिडिओ कॉलवर ते नातवाचं नाव विसरतात. भावाचं म्हणणं, पंपावर टाकलं म्हणून हे झालं, धडधडत्या हृदयावर केलं असतं तर झालं नसतं. त्या निर्णयाची सही माझी होती. सहा वर्षं हे मनात घेऊन फिरतोय.

---

शुद्धीवर | १४ जून, सकाळी ६.४५

हो, ४२ टक्के झालं होतं. पण त्या अभ्यासात तुलनेसाठी ऑपरेशन न झालेले लोक नव्हते. पुढे जॉन्स हॉपकिन्समधल्या संशोधकांनी बायपास झालेले आणि हृदयविकार असूनही बायपास न झालेले अशा दोन्ही प्रकारच्या रुग्णांना वर्षानुवर्षं तपासलं. दोन्हीकडे उतार जवळपास सारखाच निघाला. ज्या आजाराने हृदयाच्या वाहिन्या बुजतात, तोच मेंदूतल्या बारीक वाहिन्याही बुजवत असतो. साखर, बीपी, तंबाखू, वय यांचं ते काम असतं, एका सकाळच्या पंपाचं नाही.

पंपाचं म्हणाल तर एकेकाळी आमचाही तसा समज होता. अमेरिकेत 'पंपहेड', म्हणजे पंपामुळे मंदावलेलं डोकं, हा शब्दच रूढ झाला होता. म्हणून नेदरलँड्समध्ये चिठ्ठ्या टाकाव्यात तसे रुग्ण दोन गटांत वाटले, एकाची बायपास पंपावर, दुसऱ्याची धडधडत्या हृदयावर. पाच वर्षांनी दोन्ही गटांतल्या निम्म्या रुग्णांत बौद्धिक घसरण होती. फरक नव्हता. नंतर १९ देशांतल्या ४,७५२ रुग्णांच्या चाचणीतही पहिल्या तीस दिवसांतलं पक्षाघाताचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास एकच आलं. महाधमनी फार खराब असेल तर तिला हातही न लावता बायपास करण्याचा फायदा होतो, हे मात्र मी मानते, आणि त्यासाठी काही शल्यविशारद चिमटा लावण्याआधी महाधमनीवर सोनोग्राफीचा प्रोब ठेवून बघतात.

तुमच्या सहीमुळे बाबा विसरायला लागलेले नाहीत. भावालाही हे वाचायला द्या. आणि बाबांना आता मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा. बी-१२, थायरॉइड, झोपेत श्वास अडकणं, उदासी, ऐकू कमी येणं, यातलं काही असेल तर त्यावर उपाय आहेत.

---

टाचणी | १४ जून, सकाळी ११.२०

मी स्वतः पेशंट. बायपास गेल्या वर्षी, वय ५८, व्यवसाय शिवणकाम. तुमच्या अप्पांची दोन बोटं वाचली आणि लिहावंसं वाटलं. माझीही डाव्या हाताची तीच दोन. कापड मशीनखाली सरकवताना करंगळीनं ताण धरावा लागतो, ते जमेना. सुई हातातून पडली तर पडलेली कळायची नाही. मला वाटलं लकवाच. दोन रात्री झोपलो नाही. डॉक्टर म्हणाले, मेंदूचं नाही, खांद्यापाशी शीर दबली, येईल परत. चौथ्या महिन्यात मुंग्या येऊ लागल्या, त्या सोसवत नव्हत्या, पण ती चांगली खूण होती. सातव्या महिन्यात ब्लाउजला हात लावला. आता हुक-काजंसुद्धा करतो.

---

पायरी | १४ जून, दुपारी ३.००

फिजिओथेरपिस्ट आहे, टाचणीदादांनी सांगितलेलं अगदी नेहमीचं चित्र आहे. छातीचं हाड मधोमध कापून दोन्ही बाजू फाकवतात तेव्हा वरच्या फासळ्या सरकतात आणि मानेतून हाताकडे जाणाऱ्या मज्जातंतूंच्या जाळ्याला खालच्या बाजूने ताण बसतो. त्या खालच्या तंतूंचा मुलूख म्हणजे करंगळी आणि अनामिका. बहुतेकांचं काही आठवड्यांत ते काही महिन्यांत भरून येतं. बोटं आखडू नयेत म्हणून रोज मूठ मिटणं-उघडणं, मऊ चेंडू दाबणं सुरू ठेवा. पकड कमी होत चालली किंवा तळहाताचं मांस बसायला लागलं, तर मात्र नसांची तपासणी करून घ्या.

पायाचं कारण वेगळं. शीर काढतात तिला चिकटूनच त्वचेची संवेदना नेणारी नस जाते, ती दुखावते. पोटरीच्या आतली बाजू आणि घोटा बधिर होतो. त्यातला काही भाग कायमचा बधिर राहू शकतो, चालण्याला अडत नाही.

पण शेकू नका. घरोघरी गरम मिठाची पुरचुंडी, विटेचा शेक, गरम पाण्याची पिशवी सुरू होते. त्या जागेला चटका कळत नाही आणि मधुमेह असेल तर तो फोड महिनोन् महिने भरत नाही. असे दोन पाय मी स्वतः बघितलेत.

आणखी थोडं. छातीची डावी बाजू बधिर किंवा कपडा लागला तरी झोंबणारी वाटते, ती आतली धमनी सोडवून बायपाससाठी वापरल्यामुळे. आवाज बसला आणि आठवड्या-दोन आठवड्यांत सुटला नाही, पाणी पिताना ठसका लागतो, आडवं झालं की दम लागतो, असं असेल तर डॉक्टरांना सांगा. स्वरयंत्राची किंवा श्वासपटलाची नस दुखावलेली असू शकते.

---

घाटमाथा | १४ जून, दुपारी ३.२५

आई रोज रात्री मिठाची पुरचुंडी लावत होती. आत्ता फोन करून थांबवलं.

---

अंगणवेल | १५ जून, रात्री ९.१०

एक राहिलं. आमचे मामंजी बायपासनंतर रडायचे. कोर्टात शिरस्तेदार होते, कधी कुणासमोर डोळ्यांत पाणी आणलं नव्हतं. हरिपाठ लागला की रडायचे, नातीनं ताट वाढलं की रडायचे. मग बोलणंच कमी केलं, भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. विसरतही होते. आम्ही सगळं म्हातारपणावर ढकललं. शेवटी कार्डिओलॉजिस्टनीच मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं. उदासीनतेचा आजार निघाला. औषध सुरू झाल्यावर दोन महिन्यांत विसरणंही कमी झालं. बायपासनंतर हे पुष्कळांना होतं म्हणे. घरातल्यांनी "खंबीर व्हा" म्हणून उपयोग होत नाही, आम्ही तेच वर्षभर म्हणत बसलो.

---

बोरीबंदर | १६ जून, सकाळी ८.३०

घाटमाथांच्या मूळ प्रश्नाला कुणी हात घातला नाही. आधी सांगावं का? माझ्या वडिलांना आम्ही काहीच सांगितलं नाही, डॉक्टरांनाही तसं विनवलं. घाबरून त्यांनी ऑपरेशनच नाकारलं असतं आणि त्यांची मुख्य डावी धमनी ८० टक्के बंद होती. मला वाटतं आम्ही बरोबर केलं.

---

घाटमाथा | १६ जून, सकाळी ९.१५

तुमची धास्ती कळते. पण सगळे आकडे सांगा असं मी म्हणत नाही. "तिसऱ्या-चौथ्या रात्री ते काहीबाही बोलतील, तुम्हाला ओळखणार नाहीत, घाबरू नका, चष्मा आणून ठेवा." एवढं आईला कुणी सांगितलं असतं तर ती चार दिवस कॉरिडॉरच्या फरशीवर बसून मला काय पाप घडलं, असं विचारत राहिली नसती. पेशंटला नको तर नको, घरच्यांना तरी सांगा.

---

शुद्धीवर | १६ जून, रात्री ११.००

पेशंटलाही सांगायला हवं असं माझं मत. शरीर त्यांचं आहे. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी मी कॉटपाशी बसून सांगते, "जाग आल्यावर तोंडात नळी असेल, बोलता येणार नाही, हात बांधलेले असतील. एखाद-दोन रात्री भास होतील. ते भास आहेत एवढं लक्षात ठेवा." आजवर त्यामुळे कुणी ऑपरेशन नाकारलेलं आठवत नाही. उलट एका काकांनी नंतर सांगितलं, छतावर साप दिसला तेव्हा मला तुमचं वाक्य आठवलं. दहा मिनिटांचं काम आहे. सगळे करत नाहीत, हे खरं आहे आणि त्याची मला लाज वाटते.

---

घाटमाथा | २९ जुलै, रात्री १०.०५

बरेच दिवसांनी लिहितोय. नऊ आठवडे होऊन गेले.

मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवलं. त्यांनी कागदावर घड्याळ काढायला लावलं, पाच शब्द दिले आणि पाच मिनिटांनी परत विचारले. जूनमध्ये अप्पांना त्यातले दोन आठवले होते, आता चार. बी-१२ फार कमी निघालं, त्याची इंजेक्शनं चालू आहेत. साखर ताब्यात आहे. सकाळी गल्लीच्या टोकापर्यंत दोन फेऱ्या मारतात. करंगळीला मुंग्या येताहेत, टाचणीदादा, तुमच्यामुळं आम्ही त्याला खूण म्हणून बघतो.

घरी मी माझी एक चाचणी लावली होती. रोज रात्री जेवल्यावर अप्पांना कोल्हापूर–रत्नागिरीचे थांबे विचारायचे. सुरुवातीला बांबवड्यापर्यंत येऊन थांबायचे, मग चिडायचे. मी पुढचं नाव सांगितलं तर आणखी चिडायचे, म्हणून सांगणं सोडून दिलं. परवा ते आपणहून सुरू झाले. केर्ली, वाघबीळ, बांबवडे, मलकापूर, आंबा, साखरपा, दाभोळे, नाणीज, पाली, हातखंबा, रत्नागिरी. आंब्याला जरा थांबले. मला वाटलं अडकले. तर म्हणाले, "इथं धुकं असतं, गाडी हळू."

आई आत निघून गेली.

त्या चार रात्रींतलं त्यांना काहीच आठवत नाही. भिंतीवरच्या मुंग्या तेवढ्या आठवतात. आम्ही बाकीचं सांगितलेलं नाही.

---

चाफा_सातारा | २ ऑगस्ट, रात्री ८.४०

सगळा धागा वाचला. सोमवारी माझ्या यजमानांची बायपास आहे. जन आरोग्य योजनेतून मंजुरी आलीय. त्यांना कानात मशीन आहे, चष्माही आहे. सोबत नेमकं काय नेऊ? फार घाबरलेय.

---

घाटमाथा | २ ऑगस्ट, रात्री ८.५५

ताई, चष्मा आणि कानाचं मशीन डबीत घालून डबीवर मोठ्या अक्षरात नाव लिहा आणि आयसीयूच्या इन्चार्ज सिस्टरच्या हातात द्या. नळी काढल्या काढल्या घालायला सांगा. मशीनचे जादा सेल द्या. आकडे मोठे दिसतील असं घड्याळ चालत असेल तर ठेवा. भेटायला गेलात की आधी आज वार कोणता, वेळ काय झाली, तुम्ही कोण, हे सांगा. ते काहीबाही बोलले तर वाद घालू नका, हात धरा. मानेच्या धमन्यांची सोनोग्राफी झालीय का ते विचारून घ्या. दारू, तंबाखू, झोपेची गोळी, जे काही असेल ते भूलतज्ज्ञांना सांगा. आणि वारणाकाठदादांनी लिहिलेली लक्षणं घरातल्या दोघा-तिघांना वाचून दाखवा.

---

रातपाळी | ३ ऑगस्ट, पहाटे ५.०५

चाफाताई, रात्री एकटीनं बसू नका. पहिल्या चार रात्रींची पाळी घरातल्यांत आत्ताच वाटून घ्या. तुम्हालाही झोप लागेल.

---

चाफा_सातारा | ४ ऑगस्ट, सकाळी ६.१५

निघालोय. डबीवर नाव लिहिलंय. सेलची दोन पाकिटं घेतली. पहिल्या रात्री मी, दुसऱ्या रात्री दीर, तिसऱ्या-चौथ्या रात्री मुलगा पुण्याहून येतोय.